टीबीच्या पेशंटचं वजन घरच्या घरी कसं सांभाळायचं

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की घरात सगळ्यांचं लक्ष गोळ्यांवर जातं. ते बरोबरच आहे, एकही गोळी चुकता कामा नये. पण मुंबईच्या गोवंडी-मानखुर्दमध्ये पब्लिक हेल्थ नर्स म्हणून इतकी वर्षं घरोघर फिरल्यावर मी नव्या पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत आणखी एक काम सांगते. वजनकाटा आणा. विकत घ्या, शेजाऱ्यांकडून मागून आणा, नाहीच जमलं तर हेल्थ पोस्टमधला, म्हणजे वस्तीतल्या महापालिकेच्या दवाखान्यातला वापरा, पण वजन करायला लागा.

हा माझा हट्ट उगाच नाही. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात ‘राशन्स’ नावाचा अभ्यास झाला. मंगळूरच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं झालेलं हे काम 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. फुप्फुसाचा टीबी असलेल्या 2,800 पेशंटना औषधांबरोबर दर महिन्याला धान्याची पिशवी दिली. त्यातल्या पाचातल्या चार जणांचं वजन उंचीच्या मानानं कमी होतं, आणि जवळजवळ निम्म्यांचं तर फारच कमी. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे 40 किलोचा माणूस दोन महिन्यांत 42 किलोवर आला पाहिजे. एवढंच लक्ष्य डोळ्यांसमोर ठेवा.

आता वजन कसं करायचं ते. बॅटरीवरचा साधा काटा चालतो. तो लादीवर ठेवा, चटईवर किंवा गादीवर नको. लादी हलत असेल तर दाराच्या उंबऱ्याजवळची पक्की जागा शोधा आणि दर वेळी तिथेच ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, चपला काढून, शक्यतो त्याच कपड्यांत. दर पंधरा दिवसांनी पुरे. रोज केलंत तर पाव-अर्धा किलो वरखाली होणारच आणि पेशंट उगाच खचतो. आकडा कालनिर्णयवर लिहा, दुधाचा खाडा लिहिता तिथेच. मोबाईलमध्ये लिहिलेलं घरातल्या एकालाच दिसतं, भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं.

एक फसवणूक मात्र ओळखायला शिका. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दहा सेकंद दाबा आणि बोट काढा. तिथे खळगा राहिला तर अंगावर सूज आहे. मग काट्यावर वाढलेला आकडा मांसाचा नाही, पाण्याचा आहे. नटवर पारेख कंपाउंडमधल्या एका घरात सासूबाई मला आनंदानं सांगत होत्या, सून दोन किलोनं भरली म्हणून. मी तिच्या पायाला बोट लावलं तर खळगा चांगला वाटीसारखा उमटला. त्याच दुपारी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

तामिळनाडूनं 2022 पासून टीबीच्या प्रत्येक नव्या पेशंटला निदानाच्या वेळीच काही साध्या गोष्टींवरून तपासायला सुरुवात केली. कोणाला लगेच दाखल करायचं ते त्यावरून ठरतं. यातल्या बऱ्याच गोष्टी घरीही दिसतात: आधाराशिवाय उभं राहता न येणं, बसल्या जागी मिनिटाला 24 पेक्षा जास्त श्वास, ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली आकडा, पायावर सूज, आणि अतिशय कमी वजन. अतिशय कमी म्हणजे किती? 160 सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास उंची असेल तर किमान 47 किलो वजन हवं. 41 च्या खाली गेलं तर काळजीचं, आणि 36 च्या आसपास आलं तर वाट बघू नका. अशा माणसाला ‘गोळ्या सुरू झाल्यात, हळूहळू बरं वाटेल’ म्हणून घरी झोपवून ठेवायचं नसतं. दवाखान्यात जाऊन स्पष्ट सांगा, “उभं राहता येत नाही, ॲडमिट करायचं का ते बघा.”

आता ताटाकडे येऊ. राशन्समध्ये पेशंटला महिन्याला 5 किलो तांदूळ, 3 किलो तूरडाळ, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल मिळत होतं, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. यातून रोज साधारण 1,200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि ती घरच्या नेहमीच्या जेवणाच्या *वर*. बायकांना मी हे असं सांगते: रोज 100 ग्रॅम डाळ एकट्या पेशंटच्या पोटात गेली पाहिजे. कोरडी डाळ छोटा चहाचा कप भरून घ्या, तेवढी. आपल्याकडे सहा माणसांच्या वरणात जेमतेम दोन मुठी डाळ पडते आणि उरलेलं पाणी असतं. त्यातली वाटीभर पेशंटला दिली म्हणजे त्याला डाळ दिली असं होत नाही. कुकरमध्ये पेशंटची डाळ वेगळ्या डब्यात लावा. घट्ट शिजवा, वरून तेलाची किंवा तुपाची फोडणी सढळ हातानं घाला.

सुरुवातीला भूक नसते. त्या दिवसांत ताट भरून वाढण्यापेक्षा दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या. मऊ भात, मेतकूट आणि तूप. नाचणीच्या खिरीत दोन चमचे दूध पावडर. शेंगदाण्याचा लाडू. उकडलेलं अंडं, ज्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मूठभर फुटाणे खिशात. कोळीवाड्यातल्या किंवा कोकणातल्या घरांत सुका जवळा आणि बोंबील असतातच, ते उत्तम आणि स्वस्त. बांगडा आणि कुपा मात्र अगदी ताजे असतील तरच द्या. हे मासे नीट बर्फात राहिले नसतील तर त्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य साठतं, आणि टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड शरीराला त्याचा निचरा करू देत नाही. मग चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. असं झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या परस्पर बंद करू नका. प्रथिनांच्या महागड्या डब्यांची गरज नाही. तेवढ्या पैशांत महिन्याभराची अंडी येतात.

पैशाचं म्हणाल तर टीबीच्या पेशंटच्या आहारासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत 1 नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये मिळतात, आधी 500 होते. रक्कम थेट बँक खात्यात येते. खातं बंद पडलेलं असणं, आधार जोडलेलं नसणं, नावाचं स्पेलिंग वेगळं असणं, पैसे अडकतात ते याच कारणांनी. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात पासबुक घेऊन टीबी हेल्थ व्हिजिटरकडे, म्हणजे टीबीच्या पेशंटकडे बघणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडे जा आणि निक्षय आयडी, म्हणजे पेशंटचा सरकारी नोंदणी क्रमांक लिहून घ्या. धान्याची पिशवी देणारे निक्षय मित्र, म्हणजे मदत करणारी माणसं आणि संस्थाही असतात, त्यांच्याबद्दल विचारायला लाजू नका. काही अडलं तर 1800-11-6666 हा निक्षयचा मोफत नंबर आहे.

वजन वाढत नसेल तर? सहा आठवडे झाले आणि काटा हलत नसेल तर ते अंगावर काढू नका. गोळ्यांनंतर उलटी होते का? साखर तपासली का? डायबिटीसमुळे टीबी रेंगाळतो आणि मुंबईत दोन्ही बरोबर असणारे पेशंट पुष्कळ. एचआयव्हीची तपासणी झाली का? दारू चालू आहे का? आणि मुख्य म्हणजे, टीबीचा जंतू या औषधांना दाद देतोय का, याचा रिपोर्ट आला का? तो मागून घ्या. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी 2024 मध्ये सरकारनं सहा महिन्यांचा नवा कोर्स मंजूर केलाय. आधी हेच उपचार दीड-दोन वर्षं चालायचे. उलट वजन छान वाढलं तरीही सांगायला जा, कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. वाढलेल्या वजनाला गोळ्या कमी पडत नाहीत ना, हे डॉक्टर बघतील. आपल्या मनानं बदल करायचा नाही.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. काट्यावर फक्त पेशंटला उभं करू नका, घरातल्या प्रत्येकाला करा. राशन्सचा दुसरा निष्कर्ष घरच्या माणसांबद्दल होता. ज्या कुटुंबांत पेशंटबरोबर बाकीच्यांनाही धान्य मिळालं, माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, तिथे घरच्यांना नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. दहा हजारांहून जास्त माणसांवर हे पाहिलं गेलं. लस नाही, नवं औषध नाही. तांदूळ आणि डाळ!

आपल्या घरांत हे कुठे बिघडतं ते मला पक्कं माहीत आहे. पेशंट पुरुष असेल तर अंडं त्याच्या ताटात जातं, आणि ते बायको स्वतःच्या वाट्याचं काढून देते. ती शेवटी जेवते, उरलेलं जेवते, आणि रात्री दहा बाय दहाच्या खोलीत त्याच्याच शेजारी झोपते. काही महिन्यांनी तिला खोकला लागतो. पेशंट सून असेल तर तिला माहेरी पाठवायची भाषा सुरू होते. भांडी वेगळी केली जातात, तर टीबी भांड्यांतून पसरतच नाही. तो हवेतून पसरतो. भांड्यांपेक्षा खिडकी बघा, तिच्यासमोर लावलेलं कपाट हलवा. लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर जागा आहे, खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथे राहणाऱ्यांचा यात काय दोष? दार-खिडकी समोरासमोर उघडी ठेवा, पेशंटनं पहिले काही आठवडे मास्क लावावा, एवढं तुमच्या हातात आहे. घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, आणि टीबी नाही असं ठरलं की तो होऊ नये म्हणून द्यायचं औषध मागा. ते मोफत मिळतं.

माझ्याबरोबर हल्ली एमबीबीएसची मुलं येतात. 2022 पासून त्यांना अभ्यासाचा भाग म्हणून कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. टीबीच्या चारही औषधांची नावं, त्यांचे दुष्परिणाम त्यांना पाठ असतात. पण “काल रात्री काय जेवलात?” हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघत नाही, कारण तो त्यांना कोणी शिकवलेलाच नाही. त्याला इतिहासही आहे. 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं की सॅनेटोरियमच्या, म्हणजे टीबीच्या पेशंटना ठेवायच्या खास हॉस्पिटलच्या सकस आहाराशिवाय, गरिबाच्या घरीही औषधांनी टीबी बरा होतो. फार मोठी गोष्ट होती ती, लाखो लोकांना घरी राहून उपचार मिळाले. पण माझ्या मते त्याच वेळी अन्नाचा प्रश्न वैद्यकीय शिक्षणातून निसटला. मी मुलांना आधी कुकर उघडून बघायला लावते, मग केसपेपर. तुमच्या घरी असे विद्यार्थी आले तर त्यांना कॅलेंडर दाखवा, उंची मोजायला सांगा, वजन किती हवं त्याचा हिशोब त्यांच्याकडून करून घ्या.

कोर्स संपला की काटा परत करू नका. उपचार संपल्यावर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी तपासणीला बोलावतात. त्या तारखा आजच लिहून ठेवा, आणि मधल्या काळातही महिन्यातून एकदा वजन करा. खाणं नेहमीसारखं असूनही वजन उतरायला लागलं तर खोकल्याची वाट न पाहता थुंकी तपासायला द्या.