ती उशी ओली झाली असेल ना?

संडे स्कूलच्या बाळवर्गाला मी वादळाची गोष्ट बावीस वर्षं सांगत आले. लाटा उसळल्या, शिष्य घाबरले, नावेत झोपलेला प्रभू येशू उठला, ‘उगा राहा’ म्हणाला, वारा पडला. मग सोनेरी वचन (त्या दिवसाची बायबलातली ओळ) पाठ, प्रार्थना, बिस्किटं. एका रविवारी घसा बसला होता म्हणून गोष्ट रंगवून सांगायच्या ऐवजी बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातून सरळ वाचून दाखवली. वाचून झाल्यावर साडेचार वर्षांचा एक जण म्हणाला, “बाई, ती उशी ओली झाली असेल ना?”

खरंच की. नावेत पाणी भरत होतं असं तिथं लिहिलंय, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. मी बावीस वर्षं त्याचं सामर्थ्य शिकवलं. दिवसभर लोकांना शिकवून इतका दमलेला माणूस, की भिजला तरी जाग येईना, तो मला त्या पोरानं दाखवला. ‘शब्द देही झाला’, म्हणजे देव माणूस झाला, हे आपण दर नाताळात वाचतो. लहान मूल ते थेट उशीपर्यंत खरं मानतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. घरी किंवा वर्गात तुम्हालाही करता येईल.

गोष्ट आधी वाचा, आपल्या शब्दांत नंतर. वादळाच्या ७ ओव्या, म्हणजे वचनं आहेत, वाचायला दोन मिनिटं पुरतात. आपण सांगायला लागलो की बारीकसारीक गोष्टी गाळतो आणि मूल नेमकं त्यांनाच धरतं. हीच गोष्ट लिहिणारे मत्तय आणि लूक उशी सांगत नाहीत, फक्त मार्क सांगतो. ‘दुसऱ्या नावाही बरोबर होत्या’ हेही त्याचंच. “त्या बुडाल्या का?” हा प्रश्न येणारच, तयारीत राहा.

मग खडूनं जमिनीवर नाव काढा. १९८६ साली दुष्काळात हे वादळ झालं त्या गालील समुद्राचं पाणी आटलं तेव्हा चिखलात त्या काळची एक नाव सापडली. सुमारे २७ फूट लांब, साडेसात फूट रुंद. आमच्या हॉलच्या फरशीवर ती तिरकी काढली तेव्हा कशीबशी बसली. ‘समुद्र’ म्हटलं तरी ते गोड्या पाण्याचं तळं. मुळा धरणाचं पाणी पाहिलेल्या आमच्या मुलांना एवढं सांगितलं की पुरतं. एक जुनी चादर दोन मोठ्या मुलींनी हलवायची, एक उशी घरून आणायची. थिएटर करू नका. पोशाख, दाढ्या, संवाद पाठ करणं आलं की मुलं आई-बाबांकडे बघायला लागतात.

“यातून आपण काय शिकलो?” हे विचारूच नका. “तू कुठं बसलास?” एवढंच विचारा. एक मुलगी प्रभूच्या पायाशी जाऊन बसली. “मी उठवणार नाही, झोपू दे त्यांना,” म्हणाली. शिष्यांना हे सुचलं नव्हतं.

मुलाची कल्पना आणि बायबलातला मजकूर यांची सरमिसळ मात्र होऊ देऊ नका. मी दोनच वाक्यं वापरते: “हे लिहिलेलं आहे” आणि “हे आपल्याला वाटतं”. महिन्याभरात मुलंच एकमेकांना टोकतात. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात मेंढपाळ ९९ मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला गेला, तर बाकीच्यांकडे कोण होतं? आमच्याकडे शेतात धनगर मेंढ्या बसवतात, त्यामुळे उत्तर लगेच आलं: “कुत्रा!” हे आपल्याला वाटतं. लूक काहीच सांगत नाही, आणि मला तर वाटतं ते मुद्दामच असावं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या पोटात थोडा गोळा यावा.

नोहाच्या गोष्टीशी मात्र जपून. जलप्रलयात नोहाचं कुटुंब आणि प्राणी तारवात वाचतात, बाकीचे बुडतात. जिराफ-हत्तींचं चित्र रंगवायला देऊन आपण मोकळे होतो. एकीनं विचारलं, “बाहेरच्यांनी दार वाजवलं असेल का?” मी घाईघाईनं “चला, आता गाणं म्हणूया” म्हणून विषय बदलला. ती पुढचे तीन रविवार वर्गात गप्प होती. तारवाचं दार परमेश्वरानं बंद केलं असं बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, स्पष्ट आहे. प्रश्न अगदी दाराशी जाऊन विचारलेला होता. आता असं झालं तर मी म्हणते, “मलाही वाईट वाटतं,” आणि तिथंच थांबते. उत्तर नाही म्हणून कुणा मुलाची श्रद्धा गेलेली मी पाहिली नाही. गाणं लावून गप्प बसवलेलं मूल मात्र पाहिलंय.

मुलांची असली वाक्यं मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर टाकू नका. मूल ऐकतं, आणि पुढच्या वेळी आपल्याला हसवायला बोलतं.

गेल्या रविवारी याईराच्या मुलीची गोष्ट होती. १२ वर्षांची मुलगी, मेलेली, प्रभूनं उठवली. आणि लगेच म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. काय दिलं असेल? वरणभात, खिमट, मॅगी, सगळं येऊन गेलं. मग उशीवाल्याची धाकटी बहीण, जी अजून वर्गात नीट बसतही नाही, म्हणाली, “आधी थोडंच द्या. नाहीतर उलटी होते.”