दुखणं जुनं, व्यायाम रोजचा: या चुका टाळा

डिसेंबरातला रविवार होता. कंबर तीन आठवडे गप्प होती, नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर कोवळं ऊन पडलं होतं. माझी रोजची चाल बारा मिनिटांची. त्या दिवशी म्हटलं, आज बरं आहे तर आधीचे बुडलेले दिवस वसूल करून घेऊ. पाऊण तास चालले आणि परतताना कोपऱ्यावर उभ्यानंच तर्री-पोहे खाल्ले. सोमवारी सकाळी कंबरेनं असं धरलं की बेसिनवर वाकून चूळही भरता येईना. एक हात भिंतीला टेकवून, मान तेवढी पुढे काढून दात घासले. सहा दिवस चालणं बंद राहिलं. सातव्या दिवशी कंबर सुटली, पण चालणं पुढेही तीन आठवडे बंदच होतं. दुखत नव्हतं, मनच उडालं होतं.

माझ्या कंबरदुखीला आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत व्यायाम किती वेळा सुटला, हे जुन्या कॅलेंडरांवरच्या खुणा बघून एकदा मोजलं. वाईट दिवशी तो फारसा सुटलेला नव्हता. बहुतेक वेळा सुटला होता तो एखाद्या छान दिवसानंतर. लोक याला आळस म्हणतात, आपणही स्वतःला तेच म्हणतो. खरं तर चूक मापात असते.

चांगल्या दिवशी वसुली करणं

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. अशा दुखण्यात आपण नकळत एका चक्रात सापडतो. बरं वाटलं की ढीगभर करायचं, मग आडवं व्हायचं. पडून राहिल्यानं स्नायू ढिले पडतात आणि पुढच्या वेळी कमी श्रमातच कळ उठते. दोन-तीनदा असं झालं की डोक्यात पक्कं बसतं: व्यायाम म्हणजे शिक्षा. मग हुरूप कुठून येणार?

माझ्या फिजिओथेरपिस्टनं एक साधा हिशेब शिकवला. तीन वेगवेगळ्या दिवशी चालून बघायचं आणि दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहायचं. समजा बारा, आठ आणि दहा. सरासरी आली दहा. सुरुवात दहापासून करायची नाही, सात किंवा आठपासून करायची. चांगल्या दिवशी आठ, वाईट दिवशीही आठ. आठवडाभर हे निभावलं की एखादं मिनिट वाढवायचं. किती चालायचं ते घड्याळानं ठरवायचं, त्या दिवशीच्या कंबरेनं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पाळायला सर्वांत अवघड जातं ते बरं वाटत असताना थांबणं. मी मोबाइलवर गजर लावते आणि तो निम्म्या वेळेचा लावते. आठ मिनिटं चालायचं असेल तर गजर चौथ्या मिनिटाला, कारण परतीची वाटही पायांनाच चालायची असते. सुरुवातीला ही गोष्ट ध्यानात आली नव्हती. आठ मिनिटं पुढे जाऊन मग रिक्षा शोधत उभी राहिले आहे. गजर वाजला की वळायचं, मग सोबतची मैत्रीण वाक्याच्या मध्यात का असेना.

घरकाम या हिशेबात धरायचं राहून जातं, ते वेगळंच. महालक्ष्म्यांच्या दिवसांत आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, पुरण असा थाट असतो. त्या तीन दिवसांत मी ‘व्यायामाला सुट्टी’ दिली असं समजत होते आणि चौथ्या दिवशी मला उठवेना. सुट्टी कसली? पुरण वाटताना सलग दीड तास ओट्याशी उभी होते. आता सणाच्या दिवशी ओट्यापाशी स्टूल असतं, भाज्या बसून चिरल्या जातात आणि चालणं निम्म्यावर येतं. बंद मात्र होत नाही.

दुखलं म्हणजे आत काही तुटलं, असं समजणं

एमआरआयच्या कागदावर ‘मणक्याची गादी झिजली’ असं वाचलं की पाय पुढे टाकायलाच भीती वाटते. माझंही तसंच झालं होतं. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या १०० पैकी सुमारे ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि जवळपास ६० जणांची गादी फुगलेली होती. दुखत कुणालाच नव्हतं. केस पांढरे व्हावेत तसंच हे बरंचसं वयाचं काम. दुखणं जुनं झालं की मज्जासंस्थाच हळवी होते. घंटेचं बटण इतकं सैल होतं की वाऱ्यानंही ती वाजावी, तसं. कळ खरीच असते, पण दर कळेमागे नवी इजा असतेच असं नाही.

मग किती दुखेपर्यंत चालू ठेवायचं? शून्य ते दहाच्या मापात मी चार-पाचपर्यंत चालू ठेवते. त्यावर गेलं की थांबते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. दुखणं कालच्या पातळीला परत आलं असेल तर माप बरोबर होतं. चोवीस तासांनंतरही ते चढलेलंच असेल तर पुढच्या खेपेला दोन मिनिटं कमी.

एक गोष्ट मात्र या मापात बसवू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद एकाएकी जाणं, तापासोबत पाठदुखी किंवा कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काहीही दिसलं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. पहिल्या तीनमध्ये तर त्याच दिवशी.

सकाळीच, नाहीतर नाहीच

पहाटे पाचला उठून फिरणारा तोच खरा, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून भरलेलं असतं. सेमिनरी हिल्सला पहाटे गेलात तर हा पंथ किती मोठा आहे ते दिसेलच. पण रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिल्या तासाभरात पुढे वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणजे कंबरेचं दुखणं असलेल्या माणसानं पलंगावरून उतरून थेट पादहस्तासन करणं ही दुखणं ओढवून घ्यायची रीत झाली. गरम पाण्यानं आंघोळ, चहा, थोडं घरातल्या घरात फिरणं आणि मग व्यायाम, असा क्रम मला मानवला. हिवाळ्यात तर मी नऊपर्यंत बाहेर पडतच नाही. २०१८ च्या डिसेंबरात आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा गारठ्यात आखडलेले स्नायू बाहेर काढून काय मिळवायचं?

उन्हाळ्याचं गणित उलटं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, संध्याकाळी सातलाही भिंती भाजत असतात. तेव्हा बाहेर जायचा हट्टच सोडायचा. हॉलपासून मागच्या गॅलरीपर्यंत आमच्या घरात एकवीस पावलं होतात. कूलर चालू, रेडिओ चालू, आठ मिनिटं फेऱ्या. कंटाळवाणं आहे, कबूल. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि वर लिहिलेलं त्यांना जसंच्या तसं लागू नाही. अंगातलं पाणी कमी पडणं, अचानक थंडी आणि अति दमछाक यांनी त्यांना कळांचा झटका येऊ शकतो. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा, जवळ पाणी ठेवावं, दमण्याआधी थांबावं आणि झटका आलेला असताना व्यायामाचं नावच काढू नये.

गोळी घेऊन मैदानात उतरणं

‘आधी एक गोळी टाकते, मग जमतं,’ असं सांगणाऱ्या माझ्या ओळखीत तिघीजणी आहेत. कळ दाबली की माप कळत नाही आणि मर्यादा ओलांडली जाते, हा एक तोटा. दुसरा जास्त गंभीर आहे. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. घामानं अंगातलं पाणी गेलेलं असताना त्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. नागपूरचा मे आणि ही गोळी, जोडी वाईट. डॉक्टरांनी रोजची लिहून दिलेली औषधं मनानं बंद करू नका, पण व्यायामापुरती मनानं घेऊही नका.

दहा हजार पावलांचा धोशा

हा आकडा कुठल्या दवाखान्यात जन्मला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मोजमाप’ असा होता. तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, पण थोडंही केलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं, हेही तीच सांगते. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं सलग चालावं अशी अट होती, २०२० च्या शिफारशींतून ती गेली. म्हणजे दिवसातून तीनदा चार-चार मिनिटंही खात्यात जमा. माझ्या मनगटावरचा पट्टा मी पुतण्याला देऊन टाकला. रोज रात्री तो मला नापास करायचा.

मूड येईल तेव्हा

येत नाही. निदान मला तरी पहिली दोन मिनिटं चालल्याशिवाय कधीच आला नाही. म्हणून संध्याकाळचा चहा आणि चालणं यांची गाठ बांधली. बूट चपलांच्या रॅकमध्ये नाहीत, चहाच्या वेळी बसते त्या खुर्चीखाली असतात, नाड्या सैल सोडलेल्या. वाकून नाड्या बांधणं हाच ज्या दिवशी डोंगर वाटतो, त्या दिवसासाठी नाडी नसलेला एक जोड आहे.

लोकांना पटवत बसणं

माझा हुरूप सर्वांत जास्त खाल्ला तो या चुकीनं. जुनं दुखणं बाहेरून दिसत नाही. पडून राहिलं तर ‘सवय लागली हिला’ आणि फिरायला निघालं तर ‘मग दुखत नसंल’. माझ्या सासूबाई मूळच्या दर्यापूरकडच्या. सुरुवातीला दारातच विचारायच्या, “कंबर दुखून राह्यली म्हनतं, अन् फिराले चालली?” मी रोज खुलासा द्यायची. कधी चालायचं टाळायची, म्हणजे माझं दुखणं तरी खरं ठरेल. हे लिहिताना लाज वाटते, पण असं वागणारी मी एकटी नाही, हे एव्हाना कळलंय.

शेवटी एकदा त्यांना सोबत घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं त्यांच्यासमोर एवढंच सांगितलं, की आजी, दुखतं म्हणूनच तिला चालायचंय. घरी आल्यावर आईंनी दारातला प्रश्न बंद केला. नात्यातल्या बाकीच्यांना मी आता ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ या दोन शब्दांवर बोळवते.

योगवर्गातही हेच. सगळ्यांचे बारा सूर्यनमस्कार चालू असताना आपण दोनवर थांबायला लाज वाटते. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यांना दुखण्याबद्दल सांगा आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ जागा घ्या. सांगूनही ‘थोडं ताणा, सुटेल’ म्हणत पाठीवर हात दाबणारा शिक्षक असेल, तर वर्ग बदला. मी बदलला.

दुखणं उसळल्यावर तेव्हाच ठरवायला बसणं

सगळं नीट पाळलं तरी दुखणं मधूनमधून उसळतंच. लांबचा एसटीचा प्रवास, झोपेचं खोबरं, घरातली काळजी, काहीही पुरतं. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं, त्यामुळे निर्णय दोनच सुचतात: सगळं बंद, नाहीतर हट्टानं सगळं. म्हणून बऱ्या दिवशीच एक कागद लिहून ठेवा. माझा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. वर हळदीचं बोट उमटलंय. त्यावर आहे ते असं:

पहिला दिवस: गरम पिशवीचा शेक. दर तासाला उठून घरात दोन फेऱ्या. पलंगावर दिवस काढायचा नाही.
दुसरा-तिसरा दिवस: नेहमीच्या निम्मी मिनिटं.
चौथ्यापासून: रोज एखादं मिनिट वाढवत जुन्या मापावर.
दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर: पुन्हा तीन दिवस मोजून नवीन माप काढायचं, जुनं विसरायचं.
आठवड्यात उतार नाही पडला तर: डॉक्टर.

गेल्या महिन्यात लग्नाहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा धरली. मी उशीत तोंड घालून पडले होते. आईंनी कपाटाचं दार उघडलं, चष्मा लावून कागद वाचला, आणि तिथूनच ओरडल्या, “दोन फेऱ्या लिवल्या हायेत इथं. चहा ठेवला हाय म्या, तू फिरून ये तोवर.”