कुवेतला चाललाय? मग धुळीची तयारी इथूनच करून जा

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन, मावशी व्हिसा आला, बॅगेत काय भरू सांग. म्हटलं उकडे तांदूळ, सोलं, लोणचं नंतर बघू, आधी चार जुने पंचे घाल. त्याला वाटलं मावशी मस्करी करतेय. कुवेतच्या फरवानियात नऊ वर्षं काढून मी गोव्यात डिचोलीला परत आले, आणि आपली पोरं जाताना पगार विचारतात, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना विचारतात, रूमचं भाडं विचारतात, पण धुळीचं कोणीच विचारत नाही. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आता तुम्ही म्हणाल आम्हाला धूळ काय नवीन, खाणी जोरात होत्या तेव्हा साखळी-डिचोलीच्या रस्त्यावर ओअरचे, म्हणजे खनिजाचे, ट्रक जाऊन जाऊन झाडांची पानंसुद्धा तांबडी झालेली आम्ही बघितलीयत. मीही तोच तोरा घेऊन गेले होते. पण ती धूळ त्यामानाने जाड, अंगणात पाणी मारलं की बसायची. तिथली म्हणजे मैदा! बंद खिडकीतून येते, बंद कपाटात जाते, दाताखाली करकरते. तिकडे त्याला तोझ म्हणतात. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जून-जुलैत, इराकच्या बाजूने वायव्येचा शमाल वारा सुटतो तो कधी कधी दोन-तीन दिवस थांबतच नाही, आणि त्याआधी एप्रिल-मेमधे गडगडाटी पावसाचे ढग येतात, त्यांच्या पुढे धुळीची भिंतच चालत येते, बघता बघता दुपारी नारिंगी अंधार. 25 मार्च 2011 ला असली भिंत आली होती, आणि 2022 च्या मे महिन्यात तर वादळांमुळे विमानंसुद्धा थांबवावी लागली होती.

हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर आला, किंवा आकाश पिवळट दिसायला लागलं, की पहिलं काम वाळत घातलेले कपडे आत. मग खिडक्या. स्लायडिंग खिडकी लावून घेतली म्हणजे बंद झाली असं नाही, खालच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला पाणी जायला बारीक भोकं असतात, खरी चोरवाट तीच. तिथे पंचा ओला करून पिळून गुंडाळी करून दाबून बसवायचा, दाराखाली दुसरा. (आता कळलं ना पंचे कशाला!) कडेच्या फटींना मास्किंग टेप लावा, बकाल्यात, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, मिळते. खाकी पॅकिंग टेप लावू नका, उन्हाने तिचा गोंद काचेला जो चिकटतो तो निघता निघत नाही.

एसीचं नीट समजून घ्या कारण एसी बंद ठेवणं हा पर्यायच नाही, त्या देशात 2016 च्या जुलैत मित्रिबा इथे 53.9 डिग्री नोंदलं गेलंय. स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो, तो चालू राहू दे. विंडो एसीला बाहेरची हवा आत-बाहेर करणारी एक छोटी दांडी असते ती बंदवर टाका. सेंट्रल असेल तर हारिसला, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराला, आधीच विचारून ठेवा फिल्टर कधी धुतले. जाळी धुताना मागच्या बाजूने पाणी सोडायचं म्हणजे धूळ पुढून निघते, आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत लावायची नाही.

आणि एक्झॉस्ट फॅन बंद!! हे मी अनुभवाने सांगते. पहिल्याच वर्षी बाहेर तोझ आणि मी आत बांगडे तळायला घेतले, वास नको म्हणून एक्झॉस्ट लावला. तो पंखा आतली हवा बाहेर फेकतो, मग तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, ती सगळ्या फटींतून धूळ घेऊन आली आणि बांगड्यांना रव्याच्या जागी वाळू लागली. नवरा अजून चिडवतो. त्या दिवशी साधा डाळभात करा, झाकण ठेवून.

बाहेर जावंच लागलं तर रुमालाचा उपयोग नाही, एन-95 लागतो आणि तोही नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. दाढीवाल्यांना तो नीट बसत नाही हे लक्षात ठेवा. लेन्स काढून चष्मा लावा, डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. दमा असेल तर बाहेर जायचंच नाही, इनहेलर उशाशी, आणि घेऊनही श्वास लागत असेल तर वाट बघत बसू नका, तिथला इमर्जन्सी नंबर 112.

गाडीत असाल तर हवा आतल्या आत फिरणारं बटण दाबा आणि वेग कमी करा. पुढचं अजिबात दिसेना तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला थांबा, पट्टा तसाच राहू दे, हँडब्रेक ओढा, लाइट बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. लाइट बंद कशाला? मागून येणारा तुमचे लाल दिवे बघून पुढे रस्ता आहे असं समजतो आणि सरळ तुमच्यावर येतो. नंतर काचेवर सुका वायपर फिरवू नका, ओरखडे पडतात, आधी पाणी ओता.

वादळ गेलं की आपल्या बायकांचा हात झाडूकडे जातो. नको! झाडू मारला की सगळं परत हवेत, आणि पंखा लावलात तर विचारूच नका. वारा पडू दे, एक-दोन तास धूळ खाली बसू दे, मग ओल्या फडक्याने वरून खाली पुसत या, फरशी सगळ्यात शेवटी आणि पाणी दोनदा बदलून. पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यात राहते, डोक्यावर पडत नाही. साधा व्हॅक्युम मागून बारीक धूळ परत सोडतो, हेपा, म्हणजे बारीक धूळही अडवणारा, फिल्टर असेल तरच वापरा. एअर प्युरिफायर चांगला असतो, पण पहिल्या पगारात घेऊ नका, आधी फटी बुजवा, नाहीतर तो बिचारा अख्खं वाळवंट गाळत बसेल.

चवथीला गावी येताना बाथरूमच्या एक्झॉस्टवर पुठ्ठा लावून टेप मारा, गाद्यांवर जुनी चादर, भांडी पालथी. मी एकदा विसरले आणि महिन्याने परत गेले तर जेवणाच्या टेबलावर बोटाने श्री काढता आला असता, आणि आल्या रात्री नऊ वाजता, बॅगा दारात, मी पदर खोचून फडकं पिळत होते.