अंगणातला स्वयंसिंचित उंच वाफा: बांधणी आणि देखभाल

वाफ्याच्या तळाशी पाण्याचा साठा ठेवायचा, त्यावर माती भरायची आणि ते पाणी मातीने स्वतःच वर ओढून मुळांपर्यंत पोहोचवायचे, एवढेच स्वयंसिंचित वाफ्याचे तत्त्व आहे. दिव्याची वात ज्या केशाकर्षणाने तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर चढते. पाणी खालून मिळत असल्यामुळे मातीचा वरचा थर कोरडसर राहतो, बाष्पीभवन घटते आणि तणही कमी उगवते. या पद्धतीचे अनेक आराखडे ऑस्ट्रेलियातून आलेले आहेत आणि पाणी साठवून ठेवणे हाच त्यांचा मुख्य हेतू असतो. आपल्याकडे मात्र आठ महिने पाणी जपायचे असते आणि पावसाळ्याचे चार महिने तेच पाणी लवकरात लवकर बाहेर काढायचे असते. त्यामुळे महाराष्ट्रात असा वाफा बांधताना साठ्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक लक्ष पाणी बाहेर जाण्याच्या वाटांकडे द्यावे लागते.

येथे १८० सेंमी लांब, ९० सेंमी रुंद आणि ५५ सेंमी उंच अशा विटांच्या वाफ्याचे वर्णन केले आहे. ही मापे आतल्या बाजूची आहेत. रुंदी ९० सेंमीपेक्षा अधिक ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. जागा दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळणारी आणि मोठ्या झाडापासून दूर असावी. लाकडी फळ्यांचा वाफा दिसायला सुंदर असतो, पण सतत ओलसर राहणाऱ्या लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही, म्हणून मी विटांचाच आग्रह धरेन.

हा वाफा जमिनीवरच बांधावा. माती, विटांचे तुकडे आणि पाणी मिळून त्याचे वजन एक टनाच्या पुढे जाते, म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलोच्या आसपास भार येतो. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार वापरात असलेल्या गच्चीसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात, हे लक्षात घेतले की गच्चीवर असा वाफा का बांधू नये ते स्पष्ट होते. गच्चीच असेल तर २०० लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून त्याच्या दोन भागांत हेच तत्त्व वापरावे, मातीत कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) प्रमाण वाढवावे आणि ते ड्रम कॉलम किंवा बीमच्या वर, एकमेकांपासून अंतर राखून ठेवावेत. तेही इमारतीची माहिती असलेल्या अभियंत्याला विचारूनच करावे.

प्रथम जमीन सपाट करून धुमसाने ठोकून घ्यावी आणि पाणसळ लावून तपासावी. तळ एका बाजूला कलला, तर साठ्याचे पाणी त्याच बाजूला जमते आणि दुसऱ्या टोकाची रोपे तहानलेली राहतात. त्यानंतर साडेचार इंची भिंत बांधून आतून गुळगुळीत गिलावा करावा, कारण बाहेर आलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा एखादा टोकदार कण आत अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद फाडण्यास पुरेसा असतो. तळावर दोन-तीन सेंमी बारीक वाळू पसरावी आणि त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरावा. या वाफ्यासाठी ३.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद असा अखंड तुकडा लागतो. कोपऱ्यांत कागद कापू नये, त्याची घडी घालावी.

आता पाणी जाण्याच्या दोन वाटा. पहिली वाट म्हणजे सांडवा: तळापासून १५ सेंमी उंचीवर, साठा आणि माती यांच्या सीमेच्या किंचित खाली, भिंतीतून बाहेर काढलेली २० मिमीची नळी. दुसरी वाट अगदी तळाशी असते आणि तिला बाहेरून बॉल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. दोन्ही ठिकाणी टँक निपल (टाकीतून नळी बाहेर काढण्यासाठीची आटेदार जोडणी) वापरावा, कागदाच्या दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घालून तो आवळावा आणि कागदाला पाडलेले छिद्र नळीपेक्षा थोडे लहानच ठेवावे. जिथे कागदाची घडी आली असेल तिथे ही जोडणी करू नये. गळती बहुतेक वेळा या दोन जागांवरूनच सुरू होते, म्हणून पुढचे काहीही भरण्याआधी व्हॉल्व्ह बंद करून सांडव्यापर्यंत पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि वाफा झाकून पूर्ण एक दिवस तसाच ठेवावा. माती भरल्यानंतर गळती शोधायची म्हणजे सगळा वाफा रिकामा करण्याशिवाय मार्ग उरत नाही.

चाचणीचे पाणी काढून टाकल्यावर साठ्याची रचना करावी. छिद्रे पाडलेल्या ११० मिमीच्या दोन पीव्हीसी नळ्या लांबीच्या दिशेने आडव्या ठेवाव्यात आणि त्यांपैकी एकीत ६३ मिमीची उभी नळी बसवून तिचे तोंड मातीच्या वर काढावे. पाणी यातूनच भरायचे आहे. उरलेल्या जागेत विटांचे सुपारीएवढे तुकडे भरावेत. खडी वापरण्याची पद्धत रूढ आहे, पण खडीच्या दोन तुकड्यांमधली पोकळी मोठी असल्यामुळे तिच्यातून पाणी जवळपास वर चढतच नाही. विटेचा तुकडा मात्र सच्छिद्र असल्याने स्वतःही थोडे पाणी शोषून धरतो. तरीही केवळ विटांवर विसंबू नये. जाळीच्या पाच-सहा लहान प्लॅस्टिक टोपल्या मातीच्या मिश्रणाने ठासून भरून थेट तळावर ठेवाव्यात, म्हणजे साठ्यातले पाणी संपत येईपर्यंत वरची माती पाण्याशी जोडलेली राहते. या सर्वांवर शेडनेटचे दोन थर किंवा जुनी पॉलिस्टरची साडी अंथरावी, पण टोपल्यांच्या तोंडावर ती कापून घ्यावी, जेणेकरून माती मातीला टेकेल. सुती साडी काही महिन्यांत कुजते, ती येथे उपयोगाची नाही.

मातीचा थर ३० सेंमीच ठेवावा. त्याहून जाड थरात पाणी वरपर्यंत पुरेशा वेगाने पोहोचत नाही. लाल माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि भिजवून पिळलेले कोकोपीट समान प्रमाणात घ्यावे आणि त्यात थोडी निंबोळी पेंड मिसळावी. नुसती काळी माती भरू नये, कारण ती ओलीने फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. पालापाचोळ्यावर बाग फुलवण्याची आपल्याकडची पद्धत मला मनापासून आवडते, पण या वाफ्यात न कुजलेला पाला किंवा उसाचे चिपाड खाली घालू नये. पाण्यात ते सडते आणि दुर्गंधी येते. त्याची जागा वर, आच्छादन म्हणून आहे.

पहिले पाणी उभ्या नळीतून न देता झारीने वरून द्यावे आणि सांडव्यातून पाणी वाहू लागेपर्यंत देत राहावे, कारण माती एकदा पूर्ण भिजल्याशिवाय केशाकर्षण नीट सुरू होत नाही. बी पेरल्यावर किंवा रोपे लावल्यावरही मुळे खोल जाईपर्यंत दोन-तीन आठवडे वरूनच पाणी द्यावे लागते. नंतर सुमारे १०० लिटरचा हा साठा कडक उन्हाळ्यात, भाजीचे पीक भरात असताना, साधारण आठवडाभर आणि हिवाळ्यात दोन आठवड्यांपेक्षा अधिक पुरतो. उभ्या नळीत थर्माकोलचा तुकडा लावलेली बारीक काडी सोडली की पाण्याची पातळी बाहेरून कळते. नळीला टोपण आणि सांडव्याला बारीक जाळी लावण्यात हयगय करू नये; डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

टोमॅटो, वांगी, मिरची, पालक, कोथिंबीर आणि काकडी या वाफ्यात उत्तम येतात, आणि अळूला तर ही ओल फारच मानवते. कोरफडीला मात्र ती सोसत नाही. कढीपत्ता, शेवगा आणि लिंबू यांची मुळे पुढे कागदाला भिडतात, म्हणून ती येथे लावू नयेत.

पाणी सतत खालून वर जात असल्यामुळे त्यातले क्षार मातीच्या पृष्ठभागावर साठतात, आणि बोअरचे जड पाणी असेल तर पांढरा थर लवकर दिसू लागतो. तसा थर दिसल्यास तळाचा व्हॉल्व्ह उघडून वरून भरपूर पाणी घालावे आणि ते वाहून जाऊ द्यावे. पावसाळा हे काम आपोआप करतो. म्हणून पहिला मोठा पाऊस झाला की व्हॉल्व्ह उघडावा आणि सप्टेंबरअखेरपर्यंत तो उघडाच ठेवावा. कोकणात पाऊस लांबला तर आणखी काही दिवस थांबावे. या काळात हा वाफा साध्या उंच वाफ्यासारखा वागतो, त्याला स्वयंसिंचनाची गरज नसते. पाऊस सरल्यावर दबलेल्या मातीवर तीन-चार सेंमी खत घालून ती पूर्ववत उंचीला आणावी, नळीत गाळ साचला असल्यास पाण्याच्या जोराने धुऊन काढावा आणि मगच व्हॉल्व्ह बंद करून साठा भरावा.