लंडनची संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तू : निघण्यापूर्वीची तयारी

लंडनमध्ये पाहण्यासारखे काय आहे याची यादी करायला कोणालाही कष्ट पडत नाहीत; काय पाहायचे नाही हे ठरवताना मात्र घरात वाद होतात, आणि तयारीला आरंभ तिथूनच करावा. याचे कारण या शहराच्या व्यवस्थेतच आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सायन्स म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. ज्या राष्ट्रीय संग्रहालयांनी मध्यंतरी शुल्क लावले होते, त्यांनीही ते २००१ च्या डिसेंबरात काढून टाकले. त्यामुळे ‘फुकटच आहे, तर तेही उरकून टाकू’ असा मोह होतो, आणि चौथ्या दिवशी कोणती मूर्ती कुठे पाहिली हेच आठवेनासे होते. दिवसाला एक मोठे संग्रहालय आणि त्याच्या जोडीला फार तर एक लहान वास्तू, एवढेच प्रमाण धरून कागदावर दिवस आखावेत. शुल्क नसल्याचा खरा फायदा असा की, एकाच संग्रहालयात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास जाता येते. थकलेल्या पायांनी सलग सहा तास फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

युरोपच्या इतर देशांसाठी काढलेला शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. पॅरिसहून रेल्वेने दोन दिवस लंडनला जाऊन येण्याचा बेत असेल, तर स्वतंत्र व्हिसाची तजवीज आधीच करावी लागते.

तारखा ठरवताना डिसेंबरातील २४ ते २६ हे तीन दिवस टाळावेत, कारण बहुतेक मोठी संग्रहालये त्या काळात बंद असतात आणि नाताळच्या दिवशी तर भुयारी रेल्वे आणि बसही धावत नाहीत. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून बाहेरून पाहण्याच्या वास्तू सकाळी आणि दालने दुपारनंतर, असा क्रम लावावा. बकिंगहॅम राजवाड्याची मुख्य दालने प्रामुख्याने उन्हाळ्यातील काही आठवडेच लोकांसाठी उघडतात, तेव्हा केवळ त्यासाठी जाणाऱ्याने आपले वेळापत्रक राजवाड्याच्या वेळापत्रकावर बसवावे. सप्टेंबरात जाणे जमत असेल, तर ‘ओपन हाउस’ या उपक्रमाच्या तारखा अवश्य पाहाव्यात, कारण एरवी कुलूपबंद असलेल्या कितीतरी इमारती त्या वेळी विनाशुल्क दाखवल्या जातात.

तारखा पक्क्या झाल्या की तिकिटे, आणि तीही पैसे मोजून पाहण्याच्या वास्तूंची आधी काढावीत. टॉवर ऑफ लंडन आणि वेस्टमिन्स्टर ॲबी यांचे प्रौढांचे तिकीट माणशी तीस पौंडांच्या घरात किंवा त्याहून वर जाते, सेंट पॉल्स कॅथेड्रलचे त्याहून थोडे कमी. चौघांच्या कुटुंबाला या तीनच ठिकाणांचा खर्च केवढा होईल, याचा हिशेब घरीच करून मगच कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे ते ठरवावे. एकच निवडायचे असेल, तर मी टॉवर निवडेन. ॲबी आणि सेंट पॉल्स ही चालती प्रार्थनास्थळे असल्यामुळे रविवारी तिथे पर्यटकांना फिरू देत नाहीत. मात्र सायंकाळच्या प्रार्थनेला बसण्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि ज्याला केवळ त्या उंच छताखाली गायकवृंद ऐकत शांत बसायचे आहे, त्याला तेवढे पुरेसे आहे. फक्त प्रार्थना चालू असताना फोटो काढायचे नसतात आणि पुरुषांनी टोपी उतरवायची असते.

विनाशुल्क संग्रहालयांसाठीही वेळेचे मोफत आरक्षण आधी करून ठेवावे. ब्रिटिश म्युझियमच्या फाटकावर सामानाची तपासणी होते, आणि सुट्टीच्या दिवसांत ती रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाते. नॅचरल हिस्टरी म्युझियमला शाळांच्या सुट्टीत तर आपल्याकडच्या जत्रेचे रूप येते. गर्दी चुकवायची असेल, तर शुक्रवार हाताशी ठेवावा : त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडे असते. यांपैकी शेवटच्या संस्थेने तर १८५८ पासूनच गॅसच्या दिव्यांच्या उजेडात संध्याकाळी दारे उघडी ठेवायला सुरुवात केली होती, ती दिवसभर कामात असलेल्या लोकांनाही येता यावे म्हणून. दालने आलटून पालटून दुरुस्तीसाठी बंद असतात. आपल्याला हवी ती वस्तू सध्या मांडलेली आहे की नाही, हे संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत वस्तूच्या नावाने शोधून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात पाहून घ्यावे.

ही शेवटची सूचना मराठी माणसाने जरा अधिक मनावर घ्यावी, कारण आपण ज्या वस्तूंसाठी जातो त्या नेमक्या जागेवर नसण्याचा संभव असतो. सर्वांत ठळक उदाहरण वाघनखांचे. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून आलेली आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीची ही वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. हीच ती प्रतापगडावर वापरलेली वाघनखे, असे सिद्ध करता येत नाही, हे स्वतः त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. अजिंठ्याच्या चित्रांचेही तसेच. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुढे वर्षानुवर्षे लेण्यांत राबून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या; १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याचशा जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतीही १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. उरलेल्या प्रतिकृती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या साठ्यात असतात, म्हणजे सहज फेरी मारताना त्या दिसतील अशी आशा धरू नये.

साठ्यातले पाहण्याची एक नवी सोय मात्र आता झाली आहे आणि ती तयारीच्या यादीत वरच्या बाजूला लिहावी अशी आहे. २०२५ च्या मे महिनाअखेरीस पूर्व लंडनमधील ऑलिम्पिक पार्कात ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस’ हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे खुले कोठार उघडले. तेथे सूचीतील वस्तू आधी निवडून, वेळ ठरवून जवळून पाहण्याची मागणी कोणालाही नोंदवता येते. फक्त ती किमान दोन आठवडे आधी करावी लागते आणि प्रत्येकच वस्तू मिळेल असे नसते. ज्याला एखादा पैठणीसारखा कापडाचा नमुना, एखादे जुने शस्त्र किंवा लघुचित्र खरोखर निरखायचे आहे, त्याने काचेपलीकडून धावती नजर टाकण्यापेक्षा हा मार्ग धरावा. ग्रंथ आणि दप्तरे यांच्या अभ्यासकांसाठी ब्रिटिश लायब्ररीत ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनची इंडिया ऑफिसची कागदपत्रे आहेत. त्यासाठी वाचकपत्र काढावे लागते आणि ओळखीचे व पत्त्याचे मूळ पुरावे सोबत न्यावे लागतात, छायाप्रतींवर विसंबू नये.

टॉवरला जाण्याआधी दोन पाने वाचून जावे. पांढऱ्या मनोऱ्याचे बांधकाम अकराव्या शतकात विल्यम द काँकररच्या काळात सुरू झाले, एवढे माहीत असले की आवारातील बाकीच्या भिंतींचा क्रम आपोआप लागतो. लाल-निळ्या वेषातील येओमन वॉर्डर, म्हणजे टॉवरचे रक्षक, जी फेरी घडवतात ती तिकिटातच धरलेली असते. ती चुकवू नये, मात्र त्यांचे इंग्रजी झपाट्याचे आणि विनोद स्थानिक असतात. सकाळी दार उघडताच आधी जवाहिरखान्यात जावे, कारण दुपारनंतर तिथली रांग हटत नाही. १८४९ मध्ये बालराजा दुलीपसिंग यांच्याकडून इंग्रजांनी घेतलेला आणि १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडून १८६ कॅरटवरून सुमारे १०५ कॅरटवर आणलेला कोहिनूर तिथे राणी एलिझाबेथ यांच्या आईच्या मुकुटात आहे. मुकुटांसमोर सरकता पट्टा असल्याने काही क्षणांतच आपण पुढे जातो. त्या दालनात फोटो काढायला बंदी आहे. आवारातील दगडी फरशी उंचसखल असल्यामुळे वृद्धांनी जाड तळव्याचे बूट घालावेत.

पायऱ्यांचा हिशेबही आधीच करावा. सेंट पॉल्सच्या घुमटावरील सर्वांत वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत आणि वरचा जिना अरुंद आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तळघरात जावे, तिथेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. याच तळघरात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या सेनापतीची समाधी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो हाच. त्याचे घर, हाइड पार्कच्या कोपऱ्यावरील ॲप्स्ली हाउस, आता संग्रहालय आहे, आणि दख्खनच्या मोहिमेतील सहकारी अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेली ‘डेक्कन सर्व्हिस’ ही मुलामा दिलेली चांदीची भोजनभांडी तिथे आहेत. वॉटर्लूच्या आठवणींनी भरलेल्या त्या घरात दख्खनचे नाव वाचताना मराठी वाचकाला जे वाटेल, ते मार्गदर्शक पुस्तिकेत नसते. हे घर आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसते, म्हणून वार तपासूनच निघावे. संसदेतील वेस्टमिन्स्टर हॉल हेही असेच : १०९७ च्या सुमारास उभारलेल्या या दालनात, सालबाईच्या तहामुळे आपल्याला परिचित असलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत महाभियोग चालला. संसदेची मार्गदर्शनासह फेरी प्रामुख्याने शनिवारी आणि अधिवेशन नसताना असते.

रोजच्या पिशवीत थोडेच असावे. चाकांची बॅग ब्रिटिश म्युझियममध्ये आत नेऊ देत नाहीत आणि ठेवूनही घेत नाहीत. विमानतळावरून थेट संग्रहालयात जाण्याचा बेत आखू नये, सामान आधी मुक्कामी किंवा स्थानकावरील सामानघरात ठेवावे. वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे घर-संग्रहालय इतके दाटीवाटीचे आहे की लहान पिशवीसुद्धा पारदर्शक प्लास्टिकमध्ये घालून हातात धरायला लावतात. ते बुधवार ते रविवार उघडे असते आणि एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात. पाण्याची रिकामी बाटली, घडीची छत्री, अंगावर चढवता-उतरवता येईल असा हलका स्वेटर आणि टिपणासाठी पेन्सिल, एवढे पुरते. पेन्सिल मुद्दाम म्हटले, कारण दालनात बसून रेखाटन करायचे असेल तर शाईचे पेन चालत नाही. सेल्फी-स्टिक आणि तिपाई घरीच ठेवावी.

प्रवासासाठी वेगळे तिकीट काढण्याची गरज सहसा पडत नाही; परदेशी व्यवहारांसाठी बँकेकडून सुरू करून घेतलेले संपर्करहित कार्ड फाटकावर टेकवले की झाले. प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते, आणि दिवसभर तेच एक वापरावे. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाशी जोडलेला मोबाइल टेकवला, तर यंत्र त्यांना दोन प्रवासी समजते आणि दिवसाच्या कमाल भाड्याची सवलत हातची जाते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेत भाडे नाही. साउथ केन्सिंग्टन स्थानकातून तिथल्या संग्रहालयांकडे जाणारा भुयारी पादचारी मार्ग पावसात फार उपयोगी पडतो.

शेवटी आपल्या माणसांची घरे, आणि त्यांसाठी एक सकाळ वेगळी काढावी. पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये मेडा व्हेल भागातील १०, हॉवली प्लेस येथे राहत, आणि सावरकरांचे वास्तव्य असलेले इंडिया हाउस हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे होते. दोन्हींवर स्मृतिफलक आहेत, पण आत लोक राहतात. फलक रस्त्यावरून पाहावा, दार ठोठावू नये. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले असून ते चॉक फार्म स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घर शांत वसाहतीत असल्यामुळे मोठ्या गटाने जायचे असेल, तर भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि बस गल्लीच्या तोंडाशीच थांबवावी.