पॉजवरून उठलेल्या व्हीएमचं मागे पडलेलं घड्याळ

लॅपटॉपवरच्या केव्हीएममधलं (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सोय) उबुंटू रात्री पॉज करून सकाळी सुरू केलं, की घड्याळ रात्रीचीच वेळ दाखवायचं. पॅकेजांची यादी ताजी करणारं ‘एपीटी अपडेट’ तर, त्या यादीसोबतची तारीख असलेली रिलीज फाइल अजून वैध नाही म्हणून अडून बसायचं. नेटवरून वेळ जुळवणारं क्रोनी चालूच होतं, पण कॉन्फिगमधली ‘मेकस्टेप 1 3’ ही ओळ सुरुवातीच्या 3 अपडेटपुरतीच घड्याळाला उडी मारू देते. पुढे ते हळूहळू सरकतं, फार तर बाराव्या हिश्श्याच्या वेगाने. म्हणजे तासाभराचा फरक भरायला बारा तास!

3 च्या जागी -1 (म्हणजे उडी कधीही चालेल) टाकून सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि प्रश्न मिटला. डेटाबेस सर्व्हरवर मात्र हे विचार करूनच करा, मध्येच वेळेने मारलेली उडी तिथे महागात पडते. जोडीला ‘पीटीपी_केव्हीएम’ मॉड्यूल लोड करून होस्टचं, म्हणजे खुद्द लॅपटॉपचं, घड्याळ क्रोनीला रेफक्लॉक (वेळ जुळवायचं संदर्भ-घड्याळ) म्हणून दिलं. आता नेट नसलं तरी वेळ होस्टशी जुळते.