घर बोलीवर काढायचं असेल तर आधी उतारा काढा

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घराला एजंट दीड वर्ष गिऱ्हाईकं आणत होते. आलेला माणूस माडीवर जायचा, तुळयांवर टकटक करून बघायचा आणि "घरात विचारून सांगतो की ओ" म्हणत चपला घालायचा. शेवटी थोरले दीर म्हणाले, बोली लावूया, म्हणजे घराचा लिलाव करूया. बोली चाळीस मिनिटांत आटोपली, पण त्याआधी कागदांत अडीच महिने गेले.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झालेली! आधी वारसा लावा, मग महापालिकेचा ई-खाता (म्हणजे घराचा ऑनलाइन मालमत्ता-उतारा; तो नसेल तर आता खरेदीखत रजिस्टर होत नाही), मग कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी (बोजाचा दाखला) काढून बोजा नाही ना, बघा. कागद कानडीत येतात. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारच्या मास्तरांनी ओळ न् ओळ वाचून दाखवली, तेव्हा पूर्वेची बोळ चतुःसीमेत पश्चिमेला पडलेली सापडली. ती दुरुस्ती आधी झाली म्हणून बरं.

तिन्ही नणंदांचा हिस्सा आणि सह्या यांचं आम्ही स्वयंपाकघरात बसून मिटवलं. बोलीच्या दिवशी हा विषय निघाला की गिऱ्हाईक उठून जातं.

सब-रजिस्ट्रारकडचा सरकारी दर बघून ठेवा. बाजारभाव वेगळा असतो, पण स्टॅम्प त्या दराच्या खाली लागत नाही. आमची कमीत कमी किंमत लिहून पाकीट बंद केलं आणि थोरल्या जाऊबाईंच्या ट्रंकेत ठेवलं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत आणि दारावरच्या मराठी-कानडी पाटीवर "सर्वोच्च बोली मान्य करण्याचं बंधन नाही" ही ओळ हवीच.

आता आमची चूक. पहिल्या वेळी अनामत घेतली नाही. नऊजण आले, चहा झाला, एकानं सगळ्यांच्या वर बोली नेली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेना. पुढच्या वेळी दोन लाखांचा डीडी आणेल त्यालाच सोप्यात बसवलं. चौघंच आले. चढ पंचवीस हजारांची ठेवली. प्रत्येक बोली वहीत लिहून पुढे सही घेतली. आपलाच माणूस बसवून भाव चढवायचा सल्ला एकानं दिला होता. मी नको म्हटलं. गावात ते लपत नाही, आणि खरं गिऱ्हाईक मध्येच थांबलं तर घर आपल्याच गळ्यात.

त्याच संध्याकाळी संचकारपत्र (म्हणजे विसारपत्र) केलं, पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीचं. दोघांचे डीडी जागेवर परत केले. दुसऱ्या नंबरच्याचा त्याच्या संमतीनं आठ दिवस ठेवून घेतला. पैसे बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे. किंमत 50 लाख किंवा वर गेली तर गिऱ्हाईक 1 टक्का टीडीएस कापून भरतं, तो हिशेब आधीच बोलून घ्या.

खरेदीखत झालं, किल्ल्या दिल्या. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरवरचं नाव बदलायचं तेवढं राहिलं. चार महिने त्या घराच्या बिलाचा मेसेज माझ्याच मोबाईलवर येत होता.